चित्रातला येशू दाखव

अक्का कुणालाही माफ करत नसत, आणि ही गोष्ट त्या देवापासूनही लपवत नसत. धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली की त्यांचा खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. दुसऱ्यांचे अपराध सोडून देण्याची ओळ आली की तो आवाज बंद. ओठ घट्ट मिटून अक्का समोर बघत उभ्या राहायच्या, आणि पुढची ओळ आली की पुन्हा सुरू व्हायच्या. लहानपणी मी एकदा त्यांना कारण विचारलं. म्हणाल्या, "देवना म्होरे खोटं बोलू का? जवय माफ करसू, तवय म्हनसू."

मूळच्या त्या धरणगावच्या. शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात आया म्हणून. लग्न केलं नाही. त्यांनी माफ न केलेल्या माणसांत एक रिक्षावाला होता, दोन शिंपी होते आणि माझे सख्खे मामा होते. मामा त्यांच्या अहिराणी बोलण्याला भर चर्चमध्ये हसले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. पण त्याच मामांना टायफॉइड झाला तेव्हा अक्का तीन आठवडे रोज मुगाच्या खिचडीचा डबा पोचवत होत्या. मामी भारावून म्हणाली, "अक्का, आता राग गेला म्हणायचा!" अक्कांनी रिकामा डबा काखेत मारला. "डबा येगळा, माफी येगळी."

संडे स्कूलचा सगळ्यात लहान मुलांचा वर्ग अक्कांकडे होता. मी त्यांच्याच वर्गात शिकले, पुढे माझी मुलगी एस्तेरही. वाचता न येणाऱ्या मुलांना गोष्ट चित्रातूनच सांगायची, म्हणून चित्रांच्या बायबलवर त्यांचा फार जीव. पुस्तक हातात आलं की त्या आधी येशूचे हात बघायच्या. "मना बाप सुतार व्हता. सुतारना हात असा नाजूक ऱ्हातस का?" असं म्हणून बरीच पुस्तकं त्यांनी बाजूला ठेवलेली मी पाहिली आहेत. मग महापुराच्या गोष्टीतलं नोहाचं तारू. तारवातले प्राणी सहलीला निघाल्यासारखे हसत असले तर पुस्तक नापास, आणि पाण्यात बुडणारी माणसं काढलेली असली तरीही नापास. चार वर्षांच्या मुलाला पावसाची भीती वाटली पाहिजे, पण रात्री दचकून उठता कामा नये. वाक्य एका दमात वाचता यावं. एका पानावर एकच गोष्ट असावी. आणि जो माणूस पहिल्या पानावर निळ्या अंगरख्यात दिसतो, तो शेवटपर्यंत तोच आहे हे मुलाला ओळखू आलं पाहिजे. हे सगळं बघून झालं की पुस्तक एखाद्या तीन वर्षांच्या पोराच्या मांडीवर द्यायचं आणि गप्प बसायचं. बोट कुठे जातं ते बघायचं.

वर्गातलं जुनं पुस्तक पार फाटलं तेव्हा अक्कांनी दोन महिने खपून एक नवं पुस्तक निवडलं आणि चर्च कमिटीच्या बैठकीत घेऊन गेल्या. कमिटीचे सेक्रेटरी एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना हेडसर म्हणत असू. हेडसरांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

"अक्का, आयाबाईंनी बेडपॅन निवडावं," ते म्हणाले. "देवाचं वचन निवडायला इथे शिकलेली माणसं आहेत."

दोनचार जण हसले. मीही त्या बैठकीला होते. मी हसले नाही, पण तोंडातून शब्दही काढला नाही.

पुढच्याच महिन्यात हेडसरांनी त्यांच्या पसंतीचं गुळगुळीत कागदाचं, जाडजूड पुस्तक आणलं. वर्गही त्यांनी स्वतःकडे घेतला. अक्कांना सांगितलं, "आता विश्रांती घ्या." अक्का शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून त्या दर रविवारी हेडसरांच्या मानेकडे टक लावून बघत. मला वाटायचं, त्या मानेला जाणवत कसं नाही?

नव्या पुस्तकातली चित्रं वेगवेगळ्या चित्रकारांची होती. येशू कुठे गोरा, कुठे सावळा, बहुतेक पानांवर लांब, पाठमोरा. दावीदनं गोफणीनं लोळवलेल्या दुष्ट राक्षसाचं, गल्याथाचं चित्र मात्र पानभर. सोनेरी चिलखत, रुबाबदार दाढी, प्रेमळ डोळे. चार-पाच वर्षांच्या मुलांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. एका रविवारी अंगणात एस्तेरनं त्या चित्राचा मुका घेतला आणि अक्कांना सांगितलं, "हा येशू." अक्कांनी तिचे केस सारखे केले आणि काही बोलल्या नाहीत.

नाताळच्या कार्यक्रमाला बाहेरगावचे बिशप आले. त्यांना चहा द्यायचं काम अक्कांकडे होतं. कार्यक्रमात हेडसरांनी लहान मुलांना रांगेत उभं केलं, नवं पुस्तक उंच धरून दाखवलं, निवडीमागचा विचार समजावून सांगितला. मग बिशप हसत पुढे झाले. एस्तेर रांगेत पहिली होती. पुस्तक तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "बाळा, यातला येशू दाखव बरं."

एस्तेरनं भराभर पानं उलटली आणि मोठ्या अभिमानानं गल्याथावर बोट ठेवलं.

बिशपांना वाटलं, चुकून झालं. त्यांनी दुसऱ्या मुलाला विचारलं. गल्याथ. तिसऱ्याला विचारलं. गल्याथ. सगळं चर्च हसायला लागलं. हेडसरांचा चेहरा वांग्यासारखा झाला. त्यांनी एस्तेरचा दंड धरला, तिला हिसका दिला आणि माइक हातात असतानाच ओरडले, "घरी आईबाप काही शिकवतात की नाही?" एस्तेरनं लोकांकडे बघितलं. तिचा पांढरा फ्रॉक भिजला, पायाशी ओघळ आला. हसणं थांबायला जरा वेळच लागला.

त्याच दुपारी अक्का आमच्या घरी आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, "बिशपला तो प्रश्न मीच सांगितला, पोरी. चहा देताना. मले हेडसरची बठ्ठी अक्कल लोकांना दाखवायची होती. एस्तेर पहिली उभी असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"आणि दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर चाललं असतं?" मी विचारलं.

मी दार लावलं. दाराआडून म्हटलं, "मीही माफ करणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

पाच महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. हेडसरांचं मी काही वाकडं करू शकत नव्हते. कमिटी त्यांची, नवरा म्हणायचा जाऊ दे. मग माझा सगळा राग अक्कांवर निघाला. त्या चर्चच्या पायरीवर माझी वाट बघत उभ्या राहायच्या आणि मी त्यांच्या अंगावरून, साडीला साडी घासून, पुढे निघून जायची. त्यात मला सुख मिळत होतं, हे आज कबूल करते. एस्तेर मात्र चर्चला यायलाच तयार नव्हती. घरात कुठलंही चित्रांचं पुस्तक उघडलं की ती हात पाठीमागे लपवायची. बोट ठेवायची तिला भीती बसली होती.

एका शनिवारी अक्का पुन्हा आल्या. खांद्यावर जड पिशवी. एसटीनं जळगाव, भुसावळ, नंदुरबार, जिथे म्हणून दुकान ऐकलं तिथे जाऊन त्यांनी पाच बायबलं आणली होती. मी पाणी दिलं. चहा दिला नाही. आमच्या खानदेशात याचा अर्थ सांगावा लागत नाही. अक्का पाणी प्यायल्या आणि एस्तेरसमोर जमिनीवर बसल्या.

"एस्तेर, त्या दिवशी तू चुकली नव्हती. चित्र चुकलं होतं. अन् मी चुकले. मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"मला हेडसरांना रडवायचं होतं."

एस्तेरनं विचार केला. "मग ते रडले?"

"नाही. तूच रडली."

मग एस्तेरनं पाठीमागचा एक हात पुढे काढला आणि पहिलं पुस्तक ओढलं. येशूकडे तिनं बघितलंच नाही. तिनं गल्याथ शोधला, आणि पुस्तक ढकलून दिलं. दुसरंही ढकललं. तिसऱ्यातही तेच. चौथ्या पुस्तकात गल्याथ तोंडावर आपटलेला होता, नाक मातीत, शिरस्त्राण लांब उडालेलं, आणि दावीद त्याच्या शेजारी गोफण गुंडाळत उभा. एस्तेरनं त्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि जोरात दाबलं.

"हे पाहिजे."

अक्कांनी आपली नेहमीची परीक्षा घेतली. हात बघितले, तारू बघितलं, वाक्यं पुटपुटून बघितली. "पास शे," त्या म्हणाल्या. मी उठून चहा ठेवला.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही जळगावला, पिंप्राळ्यात राहायला आलो. एस्तेर आता सातवीत आहे. अक्कांचा दर रविवारी फोन यायचा. त्या शेवटपर्यंत शेवटच्या बाकावर बसल्या. वर्ग त्यांना परत मिळाला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. दवाखान्यातल्या नर्सनं कळवलं.

अंत्यविधीला मी एकटीच धुळ्याला गेले. हेडसर काठी टेकत पुढे आले आणि भाषण केलं. अक्का सेवेची मूर्ती होत्या, क्षमेची मूर्ती होत्या, वगैरे. मामीला खोकल्याची उबळ आली. मी मात्र बाहेर येईपर्यंत थांबले.

"सर, अक्कांनी तुम्हाला माफ केलं नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. मान खालीच होती. "मी माफी मागितलीच नव्हती." मग काठी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "नात आली आहे माझ्याकडे राहायला. चार वर्षांची. तिच्यासाठी चित्रांचं बायबल घ्यायचंय. दुकानात गेलो, पण मला काही कळत नाही. अक्कांनी तुझ्या मुलीला दिलं होतं, ते कुठलं?"

पुस्तकाचं नाव मला पाठ होतं, दुकानही ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मी या माणसाला तोडून बोलायची वाक्यं मनात घोळवत होते, आणि तो आपणहून हाती सापडला होता.

"आठवत नाही," मी म्हणाले.

हेडसर हळूहळू फाटकाकडे निघाले. मी बसस्टँडवर येऊन जळगावची गाडी पकडली. पारोळा येईपर्यंत मी खूश होते. पारोळ्याला गाडी थांबली, एक बाई लहान मुलीला घेऊन चढली आणि समोरच्या सीटवर बसली. मुलगी खिडकीच्या काचेवर बोट ठेवून एकेक वस्तू आईला दाखवत होती आणि आई नावं सांगत होती. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. हेडसरांची नात मी पाहिलेलीही नव्हती. तिनं माझं काय बिघडवलं होतं?

चर्चच्या ग्रुपमधून मी हेडसरांचा नंबर शोधला. पुस्तकाचं नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिला, आणि पान आधी तिला उलटू द्या, तुम्ही गप्प बसा, असंही लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली : "हे तुमच्या नातीसाठी आहे. तुमच्यासाठी नाही."

मेसेज गेला. त्यांचं उत्तर यायच्या आत मी नंबर ब्लॉक केला.