कुणाची मूठ?

किस्से काही कुणी पेरत नाही. बांधावरच्या गवतासारखे आपोआप माजतात, आणि उपटायला गेलं तर हाती लागत नाहीत. माझ्याकडचे सगळे एकाच माणसाचे. ऐकायचे तर ऐका, मधे बोलू नका!

चाळीसच्या पुढची सालं. शेवगावकडं सरकारी शेतकी फार्म होता, मी तिथं मुकादम. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरच्या भीतीनं. पुण्याहून वसंतराव आले, एम.एस्सी. करायला. दिवसा ज्वारीची रानं मोजायची, संध्याकाळी इंग्रजीत 'पेपर' लिहायचा. पेपर छापला की डिग्री, डिग्री मिळाली की विलायत.

मला वाटायचं, छापूच नये!

*

पहिला पेपर नेला, तर फार्मच्या मोठ्या साहेबांनी पहिलीच ओळ तांबड्या पेन्सिलीनं उडवली. वसंतरावांनी लिहिलं होतं, काळ्या रानावर सोनेरी ऊन पसरलं होतं.

साहेब म्हणाले, "किती अंश?"

*

मग ते 'मी' खोडायला शिकले. शास्त्रात 'मी' नसतो म्हणे! एकदा मराठी करून मला वाचून दाखवलं, "जमिनीत भेगा आढळून आल्या."

"कुणाला आढळल्या?"

"असंच लिहितात, किसनभाऊ."

"आवो, उन्हात उकिडवं बसून मी मोजल्या! आढळून आल्या म्हंजी काय, चालत आल्या व्हय?"

वसंतराव हसले ते इतके, की दौत सांडली. ते पान परत लिहावं लागलं. बरं झालं.

*

टायपिंगला कासमभाई. लई सज्जन, पण बोट जाड. एकदा शेजारची कळ दाबली गेली आणि 'सॉइल'चं झालं 'सोल'. मातीचा आत्मा झाला! साहेबांनी भर कचेरीत वाचलं, "आत्मा नऊ इंच खोल नांगरला."

कासमभाई म्हणाला, "मला वाटलं, एम.एस्सी.ला येवढं खोल जावंच लागत आसंल!"

*

सगळ्यात अडलं ते एका शब्दावर. पेरणी कधी केली? वापसा आल्यावर. रान फार ओलं नाही, फार सुकं नाही, त्याला आम्ही वापसा म्हणतो. साहेबांनी विचारलं, आला हे ओळखलं कसं? वसंतरावांनी मला विचारून लिहिलं, मूठभर माती दाबायची, कमरेएवढ्या उंचीवरून गोळा सोडायचा, फुटला की वापसा.

समासात तांबड्या पेन्सिलीनं दोनच शब्द आले, "कुणाची मूठ?"

झालं! आठवडाभर मी मुठी आवळतोय. मी गोळा सोडायचा, 'हाय' नाहीतर 'न्हाई' म्हणायचं. वसंतरावांनी ती माती तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची. माझं दर 'हाय' सारख्याच ओलाव्याला पडलं! साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "शब्द राहू द्या."

पेपर छापून आला. आख्ख्या इंग्रजीत तेवढा एक शब्द आमचा. वसंतरावांनी त्याच्यावर बोट ठेवून दाखवला. मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार? माझ्याच मुठीनं त्यांना विलायतेला धाडलं.

*

लढाई संपली होती, बोटी सुरू झाल्या होत्या. निघताना मी विचारलं, "माघारी येनार का?"

"वापसा आला की कळवा. येतो."

पहिल्या वर्षी कळवलं. उत्तर आलं, परीक्षा आहे. दुसऱ्या वर्षी कळवलं. उत्तर आलं, नोकरी लागते आहे. तिसऱ्या वर्षी मी रागानं कळवलंच नाही.

तेव्हा पोस्टानं पत्र्याचा डबा आला. आत तिकडची तांबूस माती आणि चिठ्ठी, "किसनभाऊ, इथं कुणाला सांगता येत नाही. वापसा आहे का?"

बोटीनं येता येता मातीची पार भुकटी झालेली. मी ती पाटीत पसरली. वर रांजणातलं पाणी शिंपडलं. दुपार कलेपर्यंत शेजारी बसून राहिलो. मग मूठ आवळली, उभा राहिलो, गोळा सोडला.

फुटला.

पत्ता कासमभाईकडून लिहून घेतला. मजकूर माझ्या हातानं लिहिला.

"हाय. या."