पाण्यातले देव

शरदचंद्र रेग्यांनी पस्तीस वर्षं टोरांटोच्या एका कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं. टोरांटोजवळच्या व्हिटबीतल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला ते यायचे ते मोदकांसाठी, आणि आरती चालू असताना बाहेर चपलांपाशी उभे राहायचे. "अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या शहाण्यांना कळलं होतं," हे त्यांचं ठरलेलं भाषण. "देव गावोगावी ढीगभर, पण विचार करत गेलं की एकच उरतो. त्याला माणसाचं रूप नाही, त्याला काही लागत नाही, आणि कुणाच्या रडण्यानं तो हलत नाही." त्यांची बायको मृणालिनी, माझी मैत्रीण, हसून म्हणायची, "तुमचा एक तुम्हाला लखलाभ. माझे सात आहेत आणि ते हलतात."

मला या माणसाचा मनस्वी राग यायचा, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मृणालिनीनं बेसमेंटमधल्या देवघरातले सगळे देव पातेल्यातल्या पाण्यात ठेवले. मागितलेलं मिळेपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत, ही तिच्या माहेरची रीत. पाचव्या दिवशी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना ती कोसळली, ती उठलीच नाही. शरदराव घरी आले ते रिकाम्या घरात. मुलगा क्षितिज ब्रॉसार्डहून आला, आईचे दिवस केले आणि परत गेला. देव पाण्यातच राहिले.

मी दर शुक्रवारी डबा घेऊन जाते. मार्चमध्ये सहज खाली उतरले, तर पातेल्यातलं पाणी स्वच्छ. शरदराव रोज सकाळी सातला काठी टेकत बेसमेंटमध्ये उतरत होते आणि पाणी बदलत होते. माझं डोकंच फिरलं.

"शरदराव, चार महिने झाले. काळे पडतील हो देव. काढा आता."

"इच्छा पुरी झाल्याशिवाय काढायचे नसतात ना? रूल आहे तो," ते म्हणाले. "मृणालनं काय मागितलं होतं, मला ठाऊक नाही. मी हॉस्पिटलमध्ये होतो. मे बी तिचं मागणं अजून पेंडिंग असेल."

"आणि तुमचा तो एकटा, न हलणारा?"

"त्याच्याशी बोलता येत नाही हो, शुभदाताई. मी ट्राय केलं."

तिनं काय मागितलं होतं ते मला माहीत होतं. ती गेली त्याच्या आदल्याच दिवशी तिनं फोनवर सांगितलं होतं. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"तुम्ही सुखरूप घरी यावं, एवढंच मागितलं होतं तिनं. तुम्ही आलात. झालं की देवांचं काम!"

 मग बाही सरकवून त्यांनी एकेक देव बाहेर काढला. अन्नपूर्णा कोणती, बाळकृष्ण कोणता, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगत गेले, ते टॉवेलनं पुसत गेले. सातही जण देवघरात बसले.

"म्हणजे आता तिचं काहीच बाकी नाही," ते म्हणाले, आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

मी खोटं बोलायला हवं होतं. क्षितिजसाठी, नातवंडासाठी काहीतरी मागितलं होतं, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी अकरा वाजता बेल वाजवली, तर ते अजून अंथरुणातच होते.