उजेड मोजणारे साडूभाऊ

देवानं सूर्य केला, पण त्याचा उजेड नीट पडतो की नाही हे तपासायचं काम आमच्या थोरल्या साडूंकडं दिलं असावं, अशी माझी पक्की समजूत आहे. चौसाळ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा हा माणूस खिशात चुन्याची डबी घेऊन फिरतो, आणि तंबाखूला शिवत नाही. डबीत नखाएवढा, उजेड मोजणारा डिजिटल सेन्सर असतो; त्याच्या वायरी एका छोट्या पडद्याला जोडलेल्या, आणि पडद्यावर उजेडाचा आकडा सारखा नाचत असतो. हे सगळं त्यांनी कुरिअरनं सुटे भाग मागवून, स्वतः सोल्डरिंगचे डाग देऊन जोडलंय. मी फ्यूज बदलायलाही शेजाऱ्याला हाक मारतो, त्यामुळे त्यांच्यापुढं मी कायम आ वासूनच बसलेलो असतो.

आमच्या बीडच्या घरी आले की पाण्याच्या तांब्याआधी डबी माझ्या पेपरवर. "चाळीस लक्स! एवढ्याशा उजेडात पेपर वाचतूस? म्हणून तुला काय कळत न्हाई बे." मांजरसुंब्याच्या ढाब्यावर तर शेवभाजी सांगायच्या आधी त्यांनी टेबलावरचा उजेड मोजला. "शेव कुठं संपली आन् रस्सा कुठं सुरू झाला, दिसायचं कसं?" म्हणत टेबल उन्हात काढायला लावलं. एक टोक मी धरलं, दुसरं ढाबेवाल्यानं. तो आधी तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता. जेवण होईपर्यंत साडूंपुढं उकिडवा बसून, आत बल्ब नेमका कुठं लावू, असं विचारत होता. गावातल्या मारुतीच्या पारावरचा दिवा दिवसभर जळत राहायचा, तिथंही त्यांनी एक सेन्सर बसवला. तिन्हीसांजेला कुणी हात न लावता तो दिवा लागला तेव्हा मी हात जोडले. देवाला की साडूंना, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि अशा माणसाच्या घरात उजेडाची तक्रार व्हावी! त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी अक्का, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. एक दिवस म्हणाली, "अवो, मशिनीवर उजेड कमी पडतोय. सुईत दोरा जाईना." साडूंनी मोजलं, आकडा भरपूर. तरी त्यांनी जादा बल्ब लावला. आठवड्यानं पुन्हा तेच. मग ट्यूब लावली, मग दुसरी. खोलीत लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट झाला, आणि अक्का म्हणे, "अंधुकच हाय."

दुसरा कुणी नवरा असता तर त्यानं बायकोलाच वेड्यात काढलं असतं. साडूंनी सेन्सरला खोटं ठरवलं. "ती कशाला खोटं बोलंल? यंत्रच बिघडलंय." नवा मागवला, तोही बिघडलेला निघाला म्हणाले. तिसरा आला त्या दिवशी मी तिथंच होतो. तिन्ही सेन्सर त्यांनी शिलाई मशिनीवर ओळीनं मांडले. तिन्हींनी एकच आकडा दाखवला. साडू खाली बसत म्हणाले, "तिन्ही खरंच सांगत्यात बे. तिचे डोळे दाखवायचं सोडून मी उजेड मोजत बसलो."

बीडच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, तोही फार पिकलेला. ऑपरेशन करू म्हणाले, पण उशीर झालाय, किती दिसेल याचा शब्द देत नाही. दवाखान्याचा जिना उतरताना साडूंनी अक्काचा दंड असा धरला होता, की कोण कुणाला सांभाळतंय, तेच कळेना.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टर बोटं दाखवणार तेवढ्यात अक्काचं लक्ष पलंगापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या तोंडाकडं गेलं, आणि तिथंच राहिलं.

"अवो," ती म्हणाली, "तुमच्या भुवया पांढऱ्या कधी झाल्या?"

साडूंनी भुवईवरून बोट फिरवलं.

"मला बी ठाऊक न्हाई," ते हळूच म्हणाले, आणि तिला नीट बघता यावं म्हणून जरा वाकले, ते तसेच वाकून राहिले.