'गेरू'च्या पहिल्या अंकाचं हळदकुंकू

परवा पूर्णेला गेले होते... आणि तिथे माझं लग्न मोडलं. घाबरू नका, नवरा घरी मजेत आहे. हे लग्न दुसरंच होतं, आणि ते झालेलं मलाच माहीत नव्हतं.

नव्या मंडळींसाठी सांगते. मी आणि माझा मित्र सुधाकर, आम्ही दोघं परभणीहून 'गेरू' नावाचं चित्रकलेचं नियतकालिक काढतो. आजची चित्रं, आजचे चित्रकार, त्यावर लिहिणं, त्यावर भांडणं... कॉलेज सुटलं तेव्हा सुरू केलं, ते अजून चालू आहे. तो पेडगावचा, मी बोरीची, आणि 'ह्यानं पोट भरतं का' हा प्रश्न दोघांच्याही घरी अजून चालू आहे.

पहिल्या अंकाच्या वेळी सुधाकरच्या अंगात आधुनिक कला भलतीच भिनली होती. चित्रकलेच्या अंकावर चित्र नकोच म्हणाला... पांढरंशुभ्र मुखपृष्ठ, खाली बारीक अक्षरांत आम्हा दोघांची नावं, बस्स. 'गेरू' हे नाव आतल्या पानावर. आडनावंही नकोत, कारण आडनावावरून लोक जात शोधतात. हे शेवटचं मात्र मला लगेच पटलं.

म्हणजे जाड कोऱ्या कागदावर फक्त 'सुधाकर – मीना'. आणि छापायला दिलं कुठे, तर नानाकाकांच्या प्रेसमध्ये, जिथे बारा महिने लग्नपत्रिकाच छापल्या जायच्या! त्यात आम्ही रोज जाऊन विचारायचो, "काका, आमची पत्रिका कधी मिळणार?" 'मासिक' म्हणावं तर ते दर महिन्याला निघेल याची आम्हालाच खात्री नव्हती.

अंक न्यायला गेलो तर प्रत्येक मुखपृष्ठाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू... ओल्या बोटांचे ठसठशीत ठसे. नानाकाकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, अख्खा गठ्ठा एकटीने उरकला होता. सुधाकर पायरीवरच बसला. नानाकाका हळूच म्हणाले, "तिला कायी बोलू नका, मी सांगतो निवांत." पुन्हा छापणं शक्य नव्हतं, म्हणून अंक तसेच वाटले.

आणि गंमत बघा, अंक गाजला तो त्या ठशांवरच! मुंबई-पुण्याकडच्या जाणकारांना ती मोठी संकल्पना वाटली. आम्ही विचारेल त्याला खरं काय ते सांगायचो, पण लोक हसायचे... त्यांना तो आमचा विनय वाटायचा. आम्हाला आणि विनय!

आता पुण्याची एक मुलगी 'गेरू'चा इतिहास लिहितेय, पुस्तक येतंय. तिने मजकूर वाचायला पाठवला, त्यात छापलं होतं... 'मुखपृष्ठ संकल्पना : सुधाकर'. तो दोन घास कमी जेवला असेल त्या दिवशी. म्हणाला, "मीना, हे छापून आलं की कायमचं झालं. त्यात काकूंचं नाव आलंच पाहिजे." त्या मुलीला पुन्हा खरं काय ते सांगितलं, तर ती म्हणाली, मग पुस्तक छपाईला जायच्या आत काकूंनाच विचारून या.

नानाकाका गेल्यापासून काकू पूर्णेला असतात, मुलगा रेल्वेत आहे. आम्ही दोघं गेलो, तर दारातच त्यांनी मला ओळखलं, गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग सुधाकरकडे वळून डोक्यावर पदर घेतला. "या जावई, या... लेकरं न्हाई आनली संगं?"

नानाकाकांचा 'निवांत' कधी उगवलाच नव्हता! सुधाकरने समोरचा पाण्याचा तांब्या जो तोंडाला लावला तो खाली ठेवेचना. शेवटी मीच धीर केला. "काकू, ती लग्नाची पत्रिका नव्हती हो... चित्रांची होती. माझा नवरा वेगळा, त्याची बायको वेगळी."

मला वाटलं, झालं, म्हातारीचं मन दुखवलं आपण. तर काकू म्हणाल्या, "मंग तुमी दोघंच कामून येत व्हता पिरेसला? संगं घरचं मानूस न्हाई, पत्रिकेवर आडनाव न्हाई... मला वाटलं, घरच्यायला पसंत न्हाई. म्हनलं, हळदकुंकू लावायला बाई न्हाई ह्यांच्यात, तर लेकरायच्या पत्रिका कोऱ्याच जाऊ द्याव का?"

त्या अंकाच्या वेळी आमच्या घरचं खरंच कुणी आलं नव्हतं. आणि एवढी वर्षं आम्ही जो किस्सा 'काकूंची चूक' म्हणून हसत हसत सांगत आलो... ती बाई ते ठसे उमटवताना आमच्या घरची झाली होती. मला रडू आलं, सरळ सांगते.

डोळे मी पुसत होते आणि हसत काकू होत्या. "आन ती चित्राची पत्रिका... अजून निघती?"

"निघते की."

"दोघंच काढता?"

"दोघंच. भांडत भांडत."

"मंग लगीन न्हाई झालं म्हून कशाला सांगायलाव?" असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

निघताना सुधाकरने पुस्तकाचं सांगितलं, नाव कसं घालू म्हणून विचारलं. काकूंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "नुसतं कौसल्या लिवा. तुमच्यावानीच."

तर पुस्तकात पहिल्या अंकाखाली आता तीन नावं असतील. सुधाकर, मीना, कौसल्या... आडनाव एकालाही नाही. घरातली माणसं एकमेकांना आडनावाने कुठे हाक मारतात?