रोगट केळीचा मांडव

मी मांडणशिल्पं करते म्हणजे नेमकं काय करते, हे वडिलांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले आहेत. चोपड्याजवळ आमची केळीची बाग आहे. आबांच्या लेखी झाड एकतर घड देतं, नाहीतर जागा अडवतं.

त्या वर्षी धुळ्याच्या एका प्रदर्शनासाठी निवड करणाऱ्या बाई माझं काम बघायला स्वतः येणार होत्या. आधी दोनदा नकार पचवला होता, त्यामुळे या खेपेला जीव टांगणीला लागला होता. अशात एका बांधावर कुणीतरी उपटून टाकलेली केळीची झाडं दिसली. पानांवर पिवळ्या रेघांची सुरेख नक्षी. मी ती मुळासकट टेम्पोतून आणली, घराशेजारच्या मोकळ्या जागेत लावून गोल मांडव केला आणि रोज पाणी घालू लागले.

आबा रोज म्हणायचे, "हाई काढ." मी रोज त्यांना कला समजावायचे. माणूस आणि निसर्ग, टाकलेलं आणि जपलेलं, सगळं. ते मुकाट ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे, "काढ." वैताग नुसता. शेवटी, रविवारी बाई बघून गेल्या की काढते, असं ठरलं.

रविवारी बाईंना स्टँडवरून घेऊन आले तर मांडव गायब. तिथे ताजी माती, आणि शेजारी कुदळ धूत बसलेले आबा. मला रडूच फुटलं. बाईंसमोरच विचारलं, हे काय केलंत?

"मावा उना व्हता," आबा म्हणाले. "शेजारना बाग लहान शे. बठ्ठा गाडी टाकात."

मग त्यांनी बाईंना समजावलं. ती नक्षी म्हणजे हरण्या रोग. मावा ही बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, शेजारची बाग कोवळी, म्हणून सगळी झाडं उपटून गाडून टाकली. आणि मी आठ दिवस त्या रोगाला पाणी घालत होते. केळीवाल्याच्या मुलीला हरण्या सांगावा लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाई मोबाइलवरचे फोटो बघून गेल्या. निवड झाली नाही.

दोन दिवस मी आबांशी अबोला धरला. एक शब्द आधी सांगितला असता तर काय बिघडलं असतं, म्हणून चरफडत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनीच विषय काढला.

"रोगना झाडं कसाले आनात? माले सांग. मन्हा बागमाईन चांगला देसू."

आठ दिवस मी त्यांना कला समजावत होते. झाडं कुठून आणू, हे एकदाही विचारलं नव्हतं.