नख्यांची डबी

जपानातल्या फुकुयामात कोतो, म्हणजे बोटांत नख्या चढवून छेडायची लांबलचक तंतुवाद्यं, बनतात, त्यामुळे कोतो वाजवणाऱ्या बायकांना तिथे तोटा नाही. तोटा आहे तो त्यांच्या जोडीला शाकुहाची फुंकणाऱ्या पुरुषांचा. त्यामुळे निवृत्त बसड्रायव्हर बुन्साकुंचा भाव कायम वधारलेला. दर शरदात देवळाच्या उत्सवात तोयोए-सान कोतोवर आणि शेजारी बांबूची ती उभी बासरी घेऊन बुन्साकु, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. बुन्साकु विधुर, तोयोए-सानही एकट्या. पण यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघेल तर शपथ! जे सांगायचं ते त्या एका दुपारी, बांबूतून.

यंदा सुनेने हट्टाने त्यांना पुढच्या दातांची कवळी बसवून आणली. माणूस तरुण दिसायला लागला आणि सूर गेला. दात एकेक करून पडले तसं ओठांनी जुळवून घेतलं होतं. आता फुंकर भलतीकडे जायची आणि बांबूतून नुसती हवा यायची.

"एकदम आधुनिक वाटतंय, काका," तालमीला आलेला कादोता म्हणाला. हा ओसाकाहून आलेला तरणाबांड वादक, माइकसमोर शाकुहाचीतून वादळं काढणारा. "आमच्या नव्या रचनांना असाच वारा लागतो. जुन्या चिजेला मात्र नाही चालायचा. यंदा तोयोए-सानबरोबर मी बसू का? त्यांना विचारून ठेवलंय."

 कवळी काढली की सूर हजर, हे बुन्साकुंनी घरी करून पाहिलं होतं. पण असलं बोळकं घेऊन तोयोए-सानशेजारी बसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं.

मग त्यांना माळ्यावरची टोपली आठवली. पूर्वी भिक्षू हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारी गवती टोपली घालून शाकुहाची फुंकत हिंडायचे. एकट्याने वाजवायचं असेल तर ती अजून शोभते. कोतोच्या जोडीला ती घालणं म्हणजे लग्नात हेल्मेट घालून बसणं. बुन्साकुंनी खुशाल घातली. कवळी कागदी रुमालात गुंडाळून किमोनोच्या बाहीत टाकली.

"हे काय हो आज?" तोयोए-सानांनी मंचावर विचारलं.

"व्रत आहे," टोपलीतून बोबडं उत्तर आलं.

वाजवलं मात्र असं, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी गप्पा थांबवल्या. शेवटी बुन्साकुंनी खुशीत जरा जास्तच वाकून नमस्कार केला. बाहीतली पुडी सुटली आणि काहीतरी पांढरं कोतोजवळ घरंगळलं.

"तोयोए-सान, नखी पडली तुमची," म्हणत कादोता उचलायला पुढे आला. कोतोच्या नख्याही तशाच पांढऱ्या, आणि वाजवताना बोटांवरून पडतातही.

तोयोए-सानच्या नख्या बोटांतच होत्या. त्यांनी खाली पाहिलं, कादोताच्या आधी हात घातला, आणि ती वस्तू नख्यांच्या डबीत टाकून झाकण लावलं.

"हो, पडली खरी," त्या म्हणाल्या.

नंतर मंचामागे दोघंच चहाला बसले. टोपली अजून डोक्यावरच होती. तोयोए-सानांनी डबी बुन्साकुंपुढे सरकवली.

"माझ्या जादाच्या नख्या काढून घेतल्यात. कादोताला नाही म्हणून सांगितलंय. आणि पुढच्या वर्षी ही टोपली नको. सूर आतल्या आत घुमतो, शेजारी बसून मला नीट ऐकू येत नाही."

बुन्साकुंनी टोपली काढून बाजूला ठेवली आणि डबीला हात न लावता तोंडभर हसले.