सहदेवचा एक मैल

माझा नातू टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघतो. उघड्या चाकांच्या, जमिनीला चिकटलेल्या, एकच माणूस मावेल अशा त्या गाड्या. त्यांचं इंजिन मिनिटाला सोळा हजार फेरे घेतं म्हणे. तो आवाज सुरू झाला की मी उठून अंगणात जातो. मला अकोल्याचा सहदेव आठवतो.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची, सदतीस सालची गोष्ट. आमच्या नाटक कंपनीचा पावसाळी मुक्काम अकोल्यात होता. मी स्त्रीभूमिका करायचो. आमचा डायनामो बिघडला की जठारपेठेतून सहदेव यायचा. लाकडी दांडक्याचं एक टोक दातांत धरायचा, दुसरं यंत्राला टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. "उत्तमराव, तुमच्या राजकन्येपेक्षा ही बाई जास्त नखरे करते," म्हणायचा आणि नेमका दोष काढायचा.

घर माळ्याचं. आई गोदाबाई वाडीतला भाजीपाला बाजारात विकायची. सहदेवनं मात्र बैलजोडी विकून एक जुनी, मोडकी मोटार आणली होती. कुण्या साहेबाच्या रद्दीतल्या मासिकात त्यानं विलायतेतल्या शर्यतीच्या गाड्या पाहिल्या होत्या. पाचशे घोड्यांची ताकद, ताशी पावणेदोनशे मैल. ते चित्र त्यानं भिंतीला चिकटवलं होतं. मग मडगार्ड, टप, दारं, मागची बैठक, सगळं उतरवून त्यानं मोटार हलकी केली. इंजिनात स्फोट जोरात व्हावा म्हणून त्याचं डोकं, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, महिनाभर घासून पातळ केलं. आत तेलाच्या घाण्यावरचं एरंडेल घातलं, कारण इंजिन कितीही तापलं तरी एरंडेल पातळ पडत नाही. मूळची चाळीस मैलांची ती गाडी त्याला साठनं पळवायची होती. एका मिनिटात एक मैल.

मुंबईचे भगवंतराव साहेबलोकांच्या शर्यतीच्या गाड्या तयार करून देत. नागपूरला जाताना ते पोळ्याच्या सकाळी अकोल्यात थांबणार होते. मिनिटात मैल झाला तर सहदेवला कारखान्यात घेणार, असं त्यांनी पत्रानं कळवलं होतं.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मी त्याच्याकडे गेलो. तो पेट्रोल आणायला गेला होता. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी असते, त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. गोदाबाईच्या दावणीला त्या वर्षी बैल नव्हता. ती मोटारीच्या नाकाडाला हळद-तूप चोळत होती. शेजारी जवसाच्या तेलाचा तांब्या आणि बैलांना तेल पाजायचा बांबूचा नळा.

"मावशी, हे काय?"

"बैल इकून हे आणलं ना? मंग हाच माह्या बैल. उद्या पळाचं हाय त्याले, उपाशी पळंल का? त्यानं तेल ओतलं ते भोक मी पाह्यलं हाय. धर बाबू नळा."

मी हसत हसत नळा धरला. आमच्या कंपनीतला पडदे रंगवणारा जानराव रंगात जवसाचंच तेल घालायचा. ते लाखेसारखं घट्ट बसतं, हे मी रोज बघत होतो. त्या घडीला मला ते सुचलं नाही. तिचा भाव बघून उलट मी भारावलो होतो. तांब्या रिता झाला.

सकाळी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर मैलाच्या दोन दगडांमधली सरळ वाट ठरली; वेग पहिल्या दगडाच्या अलीकडेच घ्यायचा होता. सहदेवनं तासभर इंजिन तापवलं. दांडकं दातांत धरून ऐकलं. कपाळाला आठी पडली, पण भगवंतराव घड्याळ काढून उभे होते. तो बसला.

गाडी सुटली तेव्हा मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. तारसप्तकात चढत जाणारा, श्वास न तुटणारा. अर्ध्या मैलापर्यंत भगवंतरावांची नजर घड्याळावरून हटली नाही. "एकोणतीस सेकंद," ते पुटपुटले. तेवढ्यात धातू किंचाळला, निळा धूर उठला आणि गाडी आडवी होऊन थांबली.

आम्ही पोचलो तोवर सहदेवनं इंजिनाखालचं बूच काढलं होतं. बोटांवर तपकिरी चिकटा. त्यानं तो हुंगला; जवसाचा वास. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्याला पुरला.

मागून गोदाबाई धापा टाकत आली. "काय झालं रे बापू?"

भगवंतरावांनीही तेच विचारलं. मी तोंड उघडलं. सहदेवनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी असती तर फुटली असती.

"काही नाही माय. माह्याकडूनच एक बेरिंग ढिलं राह्यलं."

भगवंतरावांनी घड्याळ खिशात टाकलं. "हात चांगला आहे तुझा. पण ढिलं बेरिंग ठेवणाऱ्याच्या भरवशावर मी गाडीत माणूस कसा बसवू?" ते त्याच सकाळी नागपूरकडे गेले. एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. मी बोललो नाही. आयुष्यात शेकडो संवाद म्हटले; न म्हटलेला हा एकच मला पाठ आहे.

सहदेव पुढे कापसाच्या जिनिंगमधली इंजिनं दुरुस्त करत म्हातारा झाला. ती मोटार वाडीत मोटेशेजारी गंजली. अकोल्याला गेलो की मी त्याच्याकडे जेवायचो. गोदाबाई वाढता वाढता दर वेळी तेच सांगायची.

"मी तेल पाजलं म्हणून निदान अर्धा मैल तरी पळाला, नाही का रे?"

सहदेव ताटावरची मान वर करत नसे. "हो माय," म्हणायचा, "नाही तं जागचा हालला नसता."